इंजिन ऑइलची गळती : निदान व दुरुस्तीच्या ज्ञानाचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : चारोटी, ता. डहाणू, जि. पालघर)

सारांश :
मोटारीच्या इंजिनातून होणारी तेलाची गळती हा वरवर पाहता केवळ तांत्रिक विषय वाटतो. तथापि गळती कशाला म्हणावे, ती कितपत चालवून घ्यावी, तिचा उगम कसा शोधावा आणि गळालेल्या तेलाचे काय करावे, या प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या बदलाचा मागोवा मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चारोटी या ठिकाणाच्या संदर्भात घेतला आहे. इंजिनातील सांधे बंद करण्याच्या साहित्यात झालेला बदल, गॅरेजमधील अनुमानपद्धती आणि डहाणू तालुक्याच्या पर्यावरणविषयक कायद्याचा इतिहास या तीन धाग्यांची येथे सांगड घातली आहे.

बीजसंज्ञा : इंजिन ऑइल, गळती, ऑइल सील, गॅस्केट, मेकॅनिक, महामार्ग, चारोटी, पर्यावरण.

१. प्रस्तावना

डहाणू-तलासरी परिसराचा आधुनिक इतिहास मुख्यत्वे जमीन, जंगल आणि श्रम या अंगांनी लिहिला गेला आहे. मे १९४५ मध्ये झरी येथे भरलेली वारली परिषद आणि त्यानंतरचा लढा हे त्या लेखनाचे केंद्र राहिले, व ते योग्यही आहे. मात्र याच भूमीतून जाणाऱ्या महामार्गाने निर्माण केलेल्या व्यवसायांकडे, विशेषतः रस्त्याकडेच्या गॅरेजमधील ज्ञानाकडे, इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. हे ज्ञान पुस्तकात उतरत नाही. ते मिस्त्रीकडून हाताखालच्या मुलाकडे जाते आणि गाडीचे एखादे मॉडेल बंद पडले की त्याच्याबरोबर लोपही पावते.

तेलाची गळती हे अशा ज्ञानाचे उत्तम उदाहरण होय. गळतीचा थेंब जिथे पडतो तिथे तिचा उगम क्वचितच असतो. परिणामावरून कारणाकडे जाण्याची ही क्रिया इतिहासकाराच्या कामापेक्षा फार वेगळी नाही. निदान चुकल्यास होणारे नुकसान मात्र तात्काळ व रोख असते. काही रुपयांच्या वॉशरने थांबणाऱ्या गळतीसाठी इंजिन उतरवले गेले, तर प्रवासी जीप चालवणाऱ्या कुटुंबाची महिन्याची कमाई त्यात जाते. उलटपक्षी धोक्याची गळती किरकोळ समजून गाडी पुढे नेली, तर इंजिन जाम होते. म्हणूनच या ज्ञानाचा इतिहास नोंदवणे आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) तेलगळतीकडे पाहण्याच्या दृष्टिकोनात झालेला ऐतिहासिक बदल स्पष्ट करणे.
२) निदान व दुरुस्तीच्या रूढ कार्यपद्धतीची तर्कशुद्ध मांडणी करणे.
३) चारोटीसारख्या ठिकाणी या विषयास प्राप्त होणारे पर्यावरणीय महत्त्व तपासणे.

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वाहनउद्योग, महामार्ग व पर्यावरणविषयक कायदे यांच्या ज्ञात तारखा आणि गॅरेज व्यवसायात सर्वत्र रूढ असलेली कार्यपद्धती यांचा एकत्रित विचार केला आहे.

३. चारोटी : रस्त्याने घडवलेले ठिकाण

चारोटी हे डहाणू तालुक्यातील गाव असले तरी त्याची ओळख ‘चारोटी नाका’ अशीच अधिक आहे. डहाणूकडून कासा-जव्हारकडे जाणारा रस्ता येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गास छेदतो. हा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणून ओळखला जाई. २०१० मध्ये झालेल्या पुनर्क्रमांकनानंतर तो क्रमांक ४८ झाला. सुवर्ण चतुष्कोन योजनेत या मार्गाचे चौपदरीकरण व पुढे सहापदरीकरण झाले आणि चारोटी येथे टोल नाका आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा बदलला तरी नाक्याचे स्वरूप रस्त्यावरच अवलंबून राहिले.

या ठिकाणी दोन प्रकारची वाहतूक एकत्र येते. एक, महामार्गावरून तासन्‌तास एकाच वेगाने धावणारी लांब पल्ल्याची वाहने. दुसरी, जव्हारच्या पठाराकडे घाट चढणारी प्रवासी जीप, भाजीपाल्याचे टेम्पो आणि चैत्र पौर्णिमेपासून भरणाऱ्या विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेस येणाऱ्या गाड्या. इंजिनाच्या दृष्टीने हे दोन वेगळे ताण आहेत. सततच्या वेगामुळे चेंबरमधील वायूंचा दाब वाढतो व तेल पातळ होते, तर घाटात इंजिन तापते आणि त्याचा कल बदलल्याने तेल एका बाजूस जमते. पावसाळ्याचे चार महिने चिखल व पाणी इंजिनाच्या खालच्या भागावर बसते आणि जुनी गळती झाकून टाकते. त्यामुळे चारोटीसारख्या नाक्यावर बसणाऱ्या मेकॅनिकसमोर दोन्ही प्रकारची वाहने आणि दोन्ही प्रकारची गळती येते.

४. वंगणापासून सीलपर्यंत : गळतीच्या अर्थातील बदल

बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या समाजास तेल गळते याचे आश्चर्य नव्हते. वंगण लावायचे, ते हळूहळू बाहेर पडायचे आणि पुन्हा लावायचे, हीच रीत होती. एरंडेल हेही जुने वंगण होय. १९०९ मध्ये इंग्लंडमधील वेकफील्ड कंपनीने आपल्या तेलास दिलेले ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले. आरंभीच्या मोटारींतही तेल गळणे हा दोष मानला जात नसे. रोज सकाळी तेल पाहणे व कमी असल्यास भरणे हे चालकाच्या कामाचा भाग होते.

याचे ठळक उदाहरण भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ दिसले. हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसडर गाडीत वापरलेल्या ब्रिटिश ‘बी’ मालिकेच्या इंजिनात क्रँकच्या मागील टोकाशी आजच्यासारखे रबरी ऑइल सील नव्हते. तेथे शाफ्टवर उलटे आटे पाडलेले असत. इंजिन फिरत असताना हे आटे तेल आत ढकलीत. इंजिन थांबले की तेल अडवणारे तेथे काहीच उरत नसे. परिणामी उभ्या गाडीखाली, विशेषतः उतारावर, दोन-चार थेंब पडणे हा रचनेचाच भाग होता. अशा गाडीखालील डाग पाहून सील बदलण्याचा सल्ला देणारा मेकॅनिक अज्ञानी ठरला असता.

तेल अडवण्याच्या साहित्याचा इतिहास हाच गळतीच्या कल्पनेचा इतिहास आहे. जुन्या इंजिनांत फिरत्या शाफ्टभोवती ग्रॅफाइट लावलेली दोरी किंवा चामड्याची कडी असे. स्थिर सांध्यांवर बुचाच्या सालीचे अर्थात कॉर्कचे पॅकिंग, जाड कागद आणि त्यावर शेलॅक वापरले जाई. हेडखाली तांबे व अ‍ॅस्बेस्टॉसचे गॅस्केट बसे. १९३० च्या दशकात जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग या मूळच्या चामडे कमावणाऱ्या उद्योगाने धातूच्या कड्यात बसवलेल्या, ओठासारख्या कडेच्या सीला विकसित केल्या. आरंभी चामड्याच्या असलेल्या या सीला लवकरच तेलाने न फुगणाऱ्या कृत्रिम रबराच्या होऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अधिक उष्णता सोसणारे रबर व सिलिकॉनची पेस्ट आली. सांधा जितका भरवशाचा झाला, तितकी थेंबाविषयीची सहनशीलता कमी होत गेली.

दुसरा बदल हवेच्या कायद्यामुळे घडला. पिस्टनच्या कडेने खाली निसटणारे वायू चेंबरमध्ये दाब निर्माण करतात. जुन्या इंजिनांत ते एका नळीने सरळ रस्त्यावर सोडले जात आणि त्याबरोबर तेलाचे कणही जात. १९६० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात हे वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था अनिवार्य होऊ लागली. भारतात १९९१ पासून पेट्रोल वाहनांच्या उत्सर्जनाचे निकष आले, २००० पासून ते युरोपीय धर्तीवर कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा लागू झाले. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी आलेल्या या बंदिस्त व्यवस्थेने गळतीचे एक नवे कारणही जन्मास घातले : व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरची नळी काजळीने तुंबली की दाबास वाट मिळत नाही आणि तो सर्वांत दुबळ्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो.

महाराष्ट्राच्या रस्त्यांवर हा संक्रमणकाळ गाड्यांच्या दोन पिढ्यांमधून स्पष्ट दिसतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट आणि १९७० च्या दशकापासून ‘पद्मिनी’ बाहेर पडली. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० चे वितरण सुरू झाले. पहिली गाडी साध्या पान्यांनी रस्त्याकडेला उघडता येई व तिचे पॅकिंग प्रसंगी पुठ्ठ्यातून कापून बनवता येई. दुसरीत साच्यात घडवलेले रबरी गॅस्केट व नेमक्या मापाच्या सीला आल्या. कापून बनवण्याचे कौशल्य मागे पडले आणि नेमका भाग ओळखण्याचे कौशल्य महत्त्वाचे ठरले. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बाद झाली, तेव्हा जुन्या कौशल्याचा एक मोठा आधारही संपला.

५. निदानाची पद्धती

गॅरेजमधील निदानाचे टप्पे पुढीलप्रमाणे मांडता येतात.

अ) गळती की खप : तेल कमी होते याचा अर्थ ते गळते असा नव्हे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि गाडीखालची जमीन कोरडी असेल, तर इंजिन तेल ‘खाते’ आहे. तेथे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीला तपासाव्या लागतात. बाहेरचे गॅस्केट बदलून उपयोग होत नाही.

आ) द्रवाची ओळख : इंजिन ऑइल तपकिरी ते काळे असते. पॉवर स्टिअरिंगचे तेल बहुधा लालसर, कूलंट हिरवे किंवा गुलाबी व पाण्यासारखे पातळ, तर एसीचे पाणी रंगहीन असते. गिअर ऑइल दाट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब पडत असेल, तर मागील क्रँक सील व गिअरबॉक्सची सील यांतील फरक या वासाने कळू शकतो. त्यासाठी रात्री गाडीखाली वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा पसरून डागाचे स्थान व रंग पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

इ) स्वच्छता : तेलकट मळाने माखलेल्या इंजिनावर निदान होत नाही. डिझेल किंवा रॉकेलने थंड इंजिन पुसून, हवा मारून कोरडे करावे व नंतर गाडी काही अंतर चालवावी. हा टप्पा वेळखाऊ असल्याने बहुधा तोच गाळला जातो आणि चुकीची दुरुस्ती येथूनच सुरू होते. संशयित जागी पांढरी पावडर फवारल्यास ताजा ओघळ उठून दिसतो. आधुनिक पद्धतीत तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली उगम पाहतात.

ई) वर आणि पुढे : तेल खाली उतरते आणि धावत्या गाडीत वारा त्यास मागे नेतो. म्हणून सर्वांत वरच्या व सर्वांत पुढच्या ओल्या जागेपासून शोध घ्यावा. चेंबरच्या मागील कडेवरचा थेंब कित्येकदा टॅपेट कव्हरमधून निघून ब्लॉकवरून ओघळत आलेला असतो. मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्यूटरच्या ओ-रिंगमधून झिरपलेले तेल गिअरबॉक्सच्या अंगावरून खाली येते आणि मागील क्रँक सील गेल्याचा भास निर्माण करते. पहिली दुरुस्ती एका छोट्या रबरी कड्याची, दुसरी गिअरबॉक्स उतरवण्याची. या दोन निष्कर्षांतील अंतर हे निरीक्षणाचे अंतर आहे.

उ) दाबाची गळती व बिनदाबाची गळती : टॅपेट कव्हर, चेंबर व टायमिंग कव्हर येथील तेलावर पंपाचा दाब नसतो. तेथील गळती हळू असते. याउलट ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच व तेलवाहिन्यांचे प्लग येथे पंपाचा पूर्ण दाब असतो. उभ्या गाडीत कोरडी दिसणारी ही जागा इंजिन चालू होताच फवारा सोडू शकते. छोट्या मोटारीत सुमारे तीन लिटरच तेल असते, हे लक्षात घेता अशी गाडी ‘पुढच्या गावापर्यंत’ नेणे धोक्याचे ठरते. ऑइलचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करणे हाच एकमेव योग्य उपाय होय.

ऊ) दाबाचे मूळ : एकाच वेळी अनेक ठिकाणांहून तेल येत असेल, तर सर्व सीला एकदम निकामी झाल्या असे समजू नये. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढल्यास वायूचा जोरदार फुत्कार येतो का, डिपस्टिक आपोआप वर सरकते का, हे पाहावे. तसे असल्यास प्रथम ब्रीदर व व्हॉल्व्ह साफ करावा. त्यानंतरही जोर कायम राहिला, तर दोष रिंगांत आहे. ही तपासणी न करता बसवलेली नवी सील थोड्याच दिवसांत पुन्हा गळते, आणि दोष मात्र सीलच्या कंपनीवर जातो.

६. दुरुस्तीची तत्त्वे

दुरुस्तीत स्वस्ताकडून महागाकडे जाण्याचा क्रम पाळला जातो. ड्रेन प्लगचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालावा. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचे रबर ब्लॉकला चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने तपासावे. दोन रबरे एकावर एक बसल्यास दाबाखाली सर्व तेल बाहेर जाते. नव्या रबरास तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा.

‘गळते तर आणखी आवळा’ ही समजूत सर्वाधिक हानिकारक होय. कॉर्कचे पॅकिंग जादा आवळल्याने चिरडते आणि पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टच्या भोकाभोवती खोलगट होते. मग नवे पॅकिंगही बसत नाही. अशी कड सपाट ठोकून, दोन्ही पृष्ठभाग कोरडे करून, बोल्ट मध्यापासून कडेकडे समान आवळावे लागतात. सिलिकॉनची पेस्ट पातळ रेषेत लावून सुकण्यास वेळ द्यावा. जादा लावलेली पेस्ट आत तुटून तेलाच्या जाळीत अडकली, तर गळती थांबते पण इंजिनास तेल मिळत नाही. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे गॅस्केट कोरडे खरवडू नये. त्याची धूळ फुफ्फुसास घातक असते.

क्रँकच्या पुढील सीलबाबत शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच नखाने तपासली जाते. खाच असल्यास नवी सील किंचित मागे-पुढे बसवून तिची कड न झिजलेल्या भागावर आणतात किंवा शाफ्टवर पातळ धातूची नळी चढवतात. मागील सीलसाठी गिअरबॉक्स उतरवणे अटळ असल्याने क्लचप्लेट त्याच वेळी तपासणे मालकाच्या हिताचे असते. बाजारात मिळणारी गळतीरोधक औषधे जुने रबर तात्पुरते फुगवतात, परंतु फाटलेली सील किंवा चिरलेले गॅस्केट त्यांनी बरे होत नाही.

७. थेंब आणि जमीन

डहाणू तालुक्यात हा विषय गाडीपुरता मर्यादित राहत नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केला आणि उद्योगांखालील जमिनीस ५०० एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या चौकटीत चर्चा झाली ती औष्णिक वीजकेंद्राची, बंदराची व चिकूच्या बागांची. महामार्गावरून ठिबकणारा आणि गॅरेजच्या दारात मुरणारा थेंब मोठ्या प्रकल्पांच्या छायेत राहिला.

वापरलेल्या तेलात धातूचे कण, काजळी व ज्वलनातून निर्माण झालेली विषारी द्रव्ये असतात. घातक कचऱ्याविषयीचे नियम १९८९ मध्ये आले व २००८ आणि २०१६ मध्ये नव्याने करण्यात आले. सप्टेंबर २०२३ मधील दुरुस्तीने तेल उत्पादकांवरच वापरलेले तेल परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. मात्र हे नियम डब्यात काढलेल्या तेलास लागू पडतात. सीलमधून वाटेत सांडलेले तेल कोणीही परत गोळा करू शकत नाही. ते रोखण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो मेकॅनिकच्या अचूक निदानातून जातो. सूर्या नदीच्या खोऱ्यातील पहिल्याच पावसात महामार्गावरील तेलकट थर ओढ्यांकडे वाहतो, हे लक्षात घेतल्यास योग्य जागी बसवलेली सील हे पर्यावरणरक्षणाचेही साधन ठरते.

८. निष्कर्ष

१) तेलगळती ही स्थिर तांत्रिक घटना नसून तिचा अर्थ ऐतिहासिक आहे. अ‍ॅम्बॅसडरच्या काळात जो थेंब रचनेचा भाग होता, तोच आज दोष व प्रदूषण ठरतो.
२) सांध्यांचे साहित्य व उत्सर्जनाचे कायदे यांनी हा बदल घडवला. यातील दुसऱ्या घटकाने गळतीची नवी कारणेही निर्माण केली.
३) निदानाचे मर्म स्वच्छता, क्रम व संयमात आहे. खर्चिक दुरुस्तीकडे घाईने जाणे हे बहुधा निरीक्षणाच्या अभावाचे लक्षण असते.
४) १९५० पासूनच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मोटार मेकॅनिकचे शिक्षण औपचारिक केले, तरी वास, ओघळ व फुत्कार ओळखण्याचे ज्ञान आजही मुख्यतः हाताखाली राहूनच मिळते. विजेवर चालणाऱ्या वाहनांत इंजिन ऑइलच नसल्याने या ज्ञानाचा काळ मर्यादित आहे. वारली लढ्याच्या आठवणी जशा वेळीच नोंदवल्या गेल्या, तशीच महामार्गावरील या कारागिरीची नोंद परिसरातील महाविद्यालयांनी स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांतून करावी. डहाणू-तलासरीचे जे तरुण शेतीकडून गॅरेजकडे वळले, त्यांच्या श्रमाचा इतिहास त्याशिवाय अपुरा राहील.